‘श्वास’ला ऑस्कर नामांकन मिळालं नव्हतं

२००४ सालच्या आठवणी जागवणाऱ्या पोस्टमध्ये हमखास एक ओळ असते: ‘त्या वर्षी श्वासला ऑस्कर नामांकन मिळालं.’ हे खरं नाही. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा मराठी चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता. तेव्हाच्या ‘परदेशी भाषेतील चित्रपट’ या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवत असे, आणि त्यांतून अंतिम पाच निवडले जात. नामांकन म्हणायचं ते या पाचांनाच. २००५च्या जानेवारीत ती यादी आली तेव्हा ‘श्वास’ तिच्यात नव्हता. पुढे पुरस्कार स्पेनच्या चित्रपटाला गेला. त्या विभागात तोवर भारताला नामांकन मिळालं होतं ते फक्त ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ला.

गोंधळ का झाला, तेही समजण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या प्रचाराला पैसा हवा होता आणि सामान्य माणसांनीही त्यासाठी हातभार लावला. इतकी आपुलकी गुंतल्यावर ‘पाठवला’ आणि ‘निवडला’ यांतला फरक आठवणीत पुसट होतोच.

पण राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘श्वास’नं खरोखर मिळवलं होतं, मराठीत ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी. पोस्टमध्ये ते लिहा ना!