कोन आयकते?

गावच्या ग्रुपवर पुतण्याने लिहिलं, ‘आकाशवाणी बंद करून टाका आता. कोन आयकते? त्या पैशात गावात वायफाय येईन.’ खाली वीसेक अंगठे. विरोध कुणाचाच नाही, मास्तर असलेल्या माझ्या मावसभावाचाही नाही. मी रात्रपाळी करून नुकतीच आले होते. बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसले आणि अर्धा तास उत्तर लिहीत राहिले. राग अजून गेलेला नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये 19 वर्षं झाली. इथे रविवारी मी उठल्याबरोबर बीबीसीचं रेडिओ फोर लावते आणि दिवसभर बटणाला हात लावत नाही. उजाडायच्या आधी कुठल्यातरी चर्चच्या घंटा, दर आठवड्याला वेगळ्या गावच्या. मग कुणाच्या तरी शेतावर जाऊन केलेला कार्यक्रम. मग धर्माच्या जगातल्या बातम्या, एखाद्या संस्थेसाठी मदतीचं आवाहन, प्रार्थना, वर्तमानपत्रांवर गप्पा. निर्जन बेटावर जाताना कोणत्या आठ रेकॉर्ड न्याल, हा प्रश्न 1942 पासून पाहुण्यांना विचारला जातोय. बागकामाच्या शंकांना 1947 पासून उत्तरं दिली जाताहेत. गुलाबाच्या पानावर काळे ठिपके का येतात, हे सगळा देश शांतपणे ऐकून घेतो. माझ्या बाल्कनीत गुलाब नाही, तरी मीही ऐकते. आपल्या कामाचं नसलेलंही कानावर पडतं, ते मला मोलाचं वाटतं. मोबाइल माणसाला त्याच्या आवडीचंच पुन्हा पुन्हा देतो.

आणि ‘द आर्चर्स’. 1 जानेवारी 1951 पासून देशभर चालू असलेली ही मालिका. युद्ध संपून रेशनिंग चालू होतं, शेतकऱ्याने पीक वाढवावं म्हणून कृषी खात्याला सोबत घेऊन तिची आखणी झाली. खतं, औषधं, जनावरांचे आजार, सगळं एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगायचं. आज ज्यांनी गाय फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिली, असेही लाखो लोक आठवड्याचे सगळे भाग रविवारी एकत्र ऐकतात. शेतकऱ्याच्या घरातलं भांडण त्यांना आपलं वाटतं. पऱ्हाटीवाल्याच्या, म्हणजे कापूस पिकवणाऱ्याच्या घरातलं भांडण मुंबईला आपलं वाटेल, असं आपण काय उभं केलं? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. रेडिओने ती सगळी वाचली असती असं मी म्हणत नाही. पण वारा पाठीवर घे, तोंडाला फडकं बांध, दुपारच्या उन्हात पंप पाठीवर घेऊ नको, हे रोज कुणीतरी वऱ्हाडीत, गोष्टीतून सांगायला हवं होतं.

इथेही रेडिओ फोरचे लाँगवेव्हवरचे, म्हणजे जुन्या लांब पल्ल्याच्या लहरींवरचे वेगळे कार्यक्रम 2024 मध्ये थांबले, हे मला माहीत आहे. पण एफएम आहे, डिजिटल आहे. बीबीसी ज्यावर चालते त्या लायसन्स फीवरून लोक कुरकुरतात आणि भरतात.

नागपूर केंद्र 1948 चं. पण आमच्या बाबांचा खरा रेडिओ रात्रीचा. 1988 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरच्या 1000 किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर बोलायची. सगळ्या देशासाठी बोलणारा आवाज आमच्या विदर्भातून निघायचा. बाबा हरभऱ्याच्या जागलीला जाताना ट्रान्झिस्टर दुपट्ट्यात गुंडाळून न्यायचे. मचाणाच्या दांडीला तो टांगलेला असायचा, सेल सैल पडू नयेत म्हणून मागच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर. रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं आवाजाने बिचकतात, आणि माणसाला सोबत होते.

संध्याकाळी जेवताना हवामानाचा अंदाज लागायचा. कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक. बाबांच्या हातातला भाकरीचा तुकडा वरणात बुडवलेला तसाच राहायचा. आमची पाळी शेवटी. ‘विदर्भात’ हा शब्द येईपर्यंत आई तवाही वाजू द्यायची नाही. इथे समुद्रापासून एवढं लांब राहून मी जहाजांसाठीचा अंदाज ऐकते, डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी समुद्राच्या भागांची नावं, आणि दरवेळी माझाही हात थांबतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पुतण्याचं उत्तर एका ओळीचं आलं, ‘आत्या, तू तिथला रेडिओ आयकतं. इथला कवा आयकला होता शेवटचा?’

मी त्याला उत्तर दिलं नाही. इथे देते.

राष्ट्रीय वाहिनी 2019 च्या सुरुवातीला बंद झाली, हे मला बाबांच्या तोंडून कळलं, तेही बऱ्याच महिन्यांनी. फोनवर म्हणाले, ‘रात्री निस्ती खरखर येते वं.’ मी म्हटलं, ‘बाबा, आता रेडिओ कोण ऐकतं? मोबाइलवर सगळं मिळतं.’ आणि येणाऱ्या एका ओळखीच्यासोबत त्यांना स्मार्टफोन पाठवला. दोन वर्षांनी त्यांच्या तेरवीला गेले तेव्हा तो कपाटात होता, काचेवरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. ट्रान्झिस्टर खाटेखाली, आत सेल घातलेले. पुतण्या आज जे बोलला, ते त्या घरात आधी मीच बोलले होते. आर्चर्स कुटुंबात कोणाचं कोणाशी पटत नाही हे मला तोंडपाठ आहे. वाहिनी बंद पडल्यावर बाबा रात्री जागलीला कोणाच्या सोबतीने बसत होते, हे मी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी मोबाइलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप लावून नागपूर केंद्र धरलं. अंदाज लागला. विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. मी इस्त्री खाली ठेवली, पण हा पाऊस हवा आहे की नको, तेच मला ठरवता येईना. भावाला फोन लावला, पेरणी झाली का विचारलं.

‘कवाचीच झाली ताई,’ तो म्हणाला. ‘आता पिकात डवरे सुरू हायेत.’