‘डीबीएची गरज उरलेली नाही’ म्हणणाऱ्यांना

सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘डेटाबेस क्लाउडवर टाका, क्वेऱ्या ओआरएमवर सोपवा. डीबीए नुसती आडकाठी करतात, त्यांची आता गरज नाही.’ यातला एकही मुद्दा मला पटत नाही. (डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आणि ओआरएम म्हणजे डेव्हलपरच्या कोडवरून क्वेऱ्या आपोआप लिहिणारं साधन.)

ॲमेझॉनची आरडीएस ही क्लाउडवर डेटाबेस चालवून देणारी सेवा २००९ पासून आहे. पॅचिंग (दुरुस्त्या बसवणं), बॅकअप, फेलओव्हर (एक मशीन पडलं की दुसऱ्यावर जाणं) ती सांभाळते आणि छान सांभाळते. पण कुठला इंडेक्स (हव्या त्या ओळी पटकन शोधून देणारी सूची) हवा आणि कुठली क्वेरी उगाच लाखो ओळी वाचते, हे तुमच्या डेटावर ठरतं. ते न बघता मोठं मशीन घेतलं की दुखणं तसंच राहतं, बिल तेवढं वाढतं.

ओआरएम सोयीचं आहेच. पण १०० ऑर्डरींची यादी काढून लूपमध्ये एकेकीचा ग्राहक मागितला, की यादीची एक आणि ग्राहकांच्या १००, अशा १०१ क्वेऱ्या जातात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पाचदहाच ऑर्डरी असतात, तिथे हे कळणार कसं?

गरज नाही म्हणता? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेत मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. पीजीडंप या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्याने ते बॅकअप होतच नव्हते, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे ६ तासांचा डेटा कायमचा गेला. बॅकअप रिस्टोअर करून पाहणं हे कुणाचं तरी नेमलेलं काम असावंच लागतं.

आता ‘आडकाठी’. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१८ च्या ११व्या आवृत्तीपासून, डीफॉल्ट (आपोआप भरायचं मूल्य) ठरावीक असेल तर नवा कॉलम घालताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. त्यामुळे काम क्षणाचं वाटतं. पण तेवढ्या क्षणापुरतंही ऑल्टर टेबलला, म्हणजे टेबल बदलणाऱ्या आज्ञेला, पूर्ण लॉक लागतं; तोवर ते टेबल दुसऱ्या कुणाला वाचताही येत नाही. त्याच टेबलावर कुणाचा रिपोर्ट अर्धा तास चालू असेल, तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतं आणि नंतर आलेली वाचायची साधी सिलेक्ट क्वेरीसुद्धा ऑल्टरमागे अडकते. साइट ठप्प, सीपीयू मात्र रिकामा. ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्या डीबीएला हे दिसत असतं.

फक्त, त्याने ते सांगायला हवं. कारण न देता तिकीट (डेव्हलपरने नोंदवलेली कामाची विनंती) परत पाठवणारे डीबीए आहेत, आणि असले मजकूर पसरतात ते त्यांच्यामुळेच. ‘लॉक टाइमआउट २ सेकंद ठेव, लॉक मिळालं नाही तर थोड्या वेळाने परत चालव’ एवढं तिकिटावर लिहिलं तर डेव्हलपर पुढच्या वेळी स्वतःच ते घालून आणतो. आणि एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवायला डेव्हलपरला रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीवर, रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) लॉगिन द्या. ते मागायला त्याला तीन मंजुऱ्या लागू नयेत.