‘फुकटच्या वकिलांकडची पोरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आरोपींकडून पैसे न घेता त्यांचे खटले लढवणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात इंटर्नशिप करणाऱ्या लॉच्या विद्यार्थ्यांवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही म्हणता : ‘फुकटच्या वकिलांकडे पोरं झेरॉक्स काढतात आणि तुम्ही त्याला शिक्षण म्हणता.’ मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही काय भाषा झाली? तीही ज्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही, त्यांच्याबद्दल?

एक चूक कबूल. कच्च्या कैद्यांच्या सुटकेचं कलम मी जुनं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३६-अ, दिलं होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ लागू आहे. दुरुस्ती केली आहे.

आता ‘फुकटचे वकील’. हे वकील पूर्णवेळ नेमलेले असतात, त्यांना खासगी केस घेता येत नाही. पैसे पडत नाहीत ते आरोपीला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता वकील द्यायचा, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. हक्काला फुकट म्हणत नाहीत, साहेब.

आणि झेरॉक्स. होय, मुलं झेरॉक्स काढतात. गेल्या मे महिन्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी अशाच प्रती काढत होती. आरोपी म्हणजे आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार. प्रती लावताना तिने जामिनाच्या आदेशावरची तारीख पाहिली. मंजूर होऊन दीड महिना झालेला आणि माणूस आतच! जामीनदार आणणार कुठून? इथे त्याची ओळख एका बागायतदाराशी, आणि फिर्यादीही तोच. जामिनानंतर महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. पोरीने तो आदेश शोधला, पेन्सिलीने रेघ मारून वकिलांच्या टेबलावर ठेवला. अर्ज झाला, राखणदार जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. रेघ मारलेली ती झेरॉक्स मी हातात घेऊन पाहिली आहे.

मला हे का लागतं तेही सांगतो. १९९३ साली माझे वडील दुसऱ्याच्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते. मालकाने जाळी चोरल्याची फिर्याद दिली. जामीन झाला, पण जामीनदाराचा सातबारा हवा. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं, निम्मी मुंबईला. काकांना ऐपतीचा दाखला मिळेना. बाबा आणखी अकरा दिवस आत. आई कोर्टाच्या पायरीवर कागद धरून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘यात काय लिवलाय?’ म्हणून विचारायची. वाचून दाखवणारं एक ‘पोर’ तेव्हा भेटलं असतं तर! त्यामुळे झेरॉक्सची किंमत मला शिकवू नका.

विद्यावेतन नाही, दापोलीहून येणाऱ्यांचा एसटीचा नि खोलीचा खर्च, आरोपीच्या कागदांची गोपनीयता, हेही तुम्ही लिहिलंय. त्यावर पुन्हा कधीतरी. पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे, ती कुठेतरी करावीच लागते. आणि नाव न सांगता लिहिणाऱ्याच्या किती प्रश्नांना उत्तरं द्यायची?

तुमची प्रतिक्रिया त्या मुलीने माझ्याआधी वाचली. मला काय बोलायचं ते बोला. तिच्याबद्दलचं ते वाक्य तेवढं मागे घ्या.