खुलासा: जपानी झेंड्यावरची नावे मारलेल्या शत्रूंची नाहीत

दुसऱ्या महायुद्धातल्या एका जपानी सैनिकाच्या झेंड्याचा फोटो फिरतो आहे. लाल सूर्याभोवती शाईने लिहिलेली नावे म्हणजे त्याने मारलेल्या शत्रूंची यादी, असा सोबतचा दावा. तो साफ चुकीचा आहे.

अशा झेंड्याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. तरुण आघाडीवर निघाला की घरचे, शेजारी, मित्र, सहकारी त्यावर सह्या करत. ठळक चार चित्राक्षरे बहुधा 'बुउन चोक्यू' अशी असतात, म्हणजे युद्धात तुझे दैव दीर्घकाळ बलवत्तर राहो. ही यादी त्याच्या परतीची वाट पाहणाऱ्यांची आहे!

गोंधळ बहुतेक वेळा यांत्रिक भाषांतराने होतो. 'तानाका' हे साधे आडनाव, पण अक्षरश: अर्थ घेतला तर 'भातशेताच्या मध्ये' असे निघते आणि लोक त्यात सांकेतिक निरोप शोधतात. डागांचेही तसेच. झेंडा घडी करून गणवेशाखाली अंगाशी बाळगत, त्यामुळे प्रत्येक डाग रक्ताचा नसतो.

झेंड्यावर बहुधा सैनिकाचे स्वत:चे नावही असते. त्याच्या आधारे असे कित्येक झेंडे वारसांकडे परत गेले आहेत. म्हणून हस्ताक्षर जाणकाराकडूनच वाचून घ्या, आणि तो फोटो पुढे पाठवला असेल तर ही दुरुस्तीही पाठवा.