व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, मावशी

रविवारी गिरगावात मावशीकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर एफडीच्या सगळ्या पावत्या ओळीने मांडलेल्या. "अगं, पोलिसांचा फोन आला तर लगेच दाखवता याव्यात." तिचं वय ७१, पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलेली नाही, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. त्यात लिहिलेलं, १ जुलै २०२४च्या नव्या कायद्याने पोलीस व्हॉट्सॲपवर नोटीस देतात, व्हिडिओ कॉलवर अटक करतात, फोन कापला की फरार ठरवतात. कोठडी १५ची ९० दिवस झाली. १४ दिवस चौकशी झाल्याशिवाय एफआयआर नाही. खाली 'सर्वांना पाठवा'.

मी किल्ला कोर्टात वकिली करते. हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं.

व्हिडिओ कॉलवर अटक ही गोष्ट कायद्यातच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे त्याच नव्या कायद्याचं, कलम ४३ वाचा. माणूस स्वतःहून स्वाधीन झाला नाही, तर पोलिसाने त्याला प्रत्यक्ष हात लावून किंवा अडवून ताब्यात घ्यायचं. बाईच्या अंगाला हात लावायचा तर तो साधारणपणे महिला पोलिसानेच. म्हणजे पोलीस समोर हवा. पुढे २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. 'कॅमेरा चालू ठेवा, कुणाला सांगू नका, पैसे तपासणीसाठी वळते करा' असं सांगणारा चोर असतो, मग अंगावर वर्दी असो नाहीतर मागे अशोकस्तंभ. हा मेसेज त्या चोराचं अर्धं काम आधीच करून ठेवतो. घाबरलेलं माणूस पावत्या काढूनच बसलेलं असतं!

नोटिशीचंही तेच. चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सगळ्या राज्यांच्या पोलिसांना बजावलं. एक मान्य करते, कोर्टाचं समन्स मात्र शिक्क्याच्या प्रतिमेसह इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं. पण समन्स म्हणजे अमुक तारखेला कोर्टात या. त्यात अटकही नाही आणि पैशांची मागणीही नाही. शिवाय याच कलम ३५मध्ये लिहिलंय की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे मात्र दिसलं नाही!

कोठडीचं अर्धं खरं आहे, आणि ते मलाही आवडलेलं नाही. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच, पण आता ती तुकड्यातुकड्याने, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येते. ६० किंवा ९० दिवस ही तपासाची मुदत. त्यात आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

१४ दिवसांची चौकशी फक्त तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, तीही वरिष्ठांच्या परवानगीने. बाकी दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात अशा, गुन्ह्यात एफआयआर लगेच, कुठल्याही ठाण्यात.

मावशीच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात १९३० लिहून आले, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. मेसेज टाकणाऱ्या काकूंनाही फोन केला. "सावध राहावं म्हणून टाकला," म्हणाल्या. काकू, मग आजच त्याच ग्रुपवर खुलासा टाका. मंडळातल्या आणखी कुणाकुणाच्या पावत्या टेबलावर असतील.