‘घड्याळचोर क्लायंट’ या एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या क्लायंटवर, म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळ खेळायच्या आमच्या प्रोग्रामवर, तुमच्याकडे एक वजीर जास्त असताना वेळ संपून तुमचा डाव गेला, आणि त्यात आमचं उत्तरही उशिरा आलं. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागतो. सपोर्टच्या मेल मी स्वतःच बघतो आणि नवी आवृत्ती बाहेर पडली की त्या साचतात. त्याची झळ तुम्हाला बसायला नको होती.

पण तुमच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य काही केल्या गिळता येत नाही. "दर खेळीला माझा अर्धा सेकंद खातो आणि समोरच्याला वेळ परत देतो, हा क्लायंट नाही, घड्याळचोर आहे." लोक इन्स्टॉल करण्याआधी रिव्ह्यू वाचतात, आणि ‘चोर’ म्हटल्यावर पुढचं वाचायला कोण थांबतंय? आमचं पोट या एकाच प्रोग्रामवर आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितो, राग मानू नका.

आमचा क्लायंट घड्याळ चालवतच नाही. तुम्ही खेळलात त्या फ्री इंटरनेट चेस सर्व्हरवर, म्हणजे फिक्सवर, वेळेचा हिशोब सर्व्हर ठेवतो. १९९५ पासून चालू असलेला हा सर्व्हर मुळात निव्वळ मजकुरावर चालतो. टेलनेटने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी निव्वळ मजकुरातून बोलायच्या जुन्या सोयीने, जोडायचं, अक्षरांनी काढलेला पट बघायचा आणि खेळी टाइप करायची, असं तिथे आजही खेळता येतं. ग्राफिकल क्लायंट तोच मजकूर वाचून तुमच्यासमोर लाकडी पट मांडतो. प्रत्येक खेळीनंतर सर्व्हरकडून एक ओळ येते: पटाच्या आठ रांगा, चाल कुणाची, शेवटची खेळी कोणती आणि दोघांची उरलेली वेळ. आमच्या प्रोग्रामला वेळेबद्दल जे कळतं ते या ओळीतूनच. पुढची ओळ येईपर्यंत आकडे खाली जाताना दिसतात तो आमचा अंदाज, आणि ओळ आली की अंदाज पुसून खरा आकडा लागतो.

आता तो डाव. तुम्ही पाठवलेला लॉग मी ओळ न् ओळ वाचलाय. ३ मिनिटांचा डाव, दर खेळीला मिळणारे वाढीव सेकंद शून्य. शेवटाकडे समोरच्याचं घड्याळ तुमच्या स्क्रीनवर ४ सेकंदांपर्यंत आलं, त्याने हत्ती हलवला आणि आकडा एकदम ७ झाला. तुम्हाला वाटलं, आम्ही त्याला ३ सेकंद बहाल केले. खरं काय झालं, तर त्याने खेळी चटकन केली होती आणि ती वाटेत रेंगाळली. तेवढ्या वेळात आमचा अंदाज खाली घसरत राहिला आणि खेळी पोचल्यावर सर्व्हरने त्याचा खरा आकडा पाठवला. त्याच्याकडे टाइमसील चालू होतं. तुमच्याकडे ते बंद होतं. सगळी मेख इथे आहे.

टाइमसील हा एक छोटा मदतनीस प्रोग्राम, क्लायंट आणि सर्व्हर यांच्या मधे बसणारा. पत्र कधी पोचलं यापेक्षा त्यावरचा टपालाचा शिक्का कधीचा हे बघावं, तसं तो तुमच्या खेळीवर तुमच्याच कॉम्प्युटरवरची वेळ उमटवून ती सांकेतिक रूपात पाठवतो. मग वाटेत गेलेला वेळ सर्व्हर तुमच्या खात्यात धरत नाही. तो नसेल, तर सर्व्हरने पट पाठवल्यापासून तुमची खेळी हाती येईपर्यंतचा सगळा वेळ, जाण्यायेण्यासकट, तुमचाच मोजला जातो. दर खेळीला अर्धा सेकंद धरला तर ६० खेळींत ३० सेकंद होतात. १८० सेकंदांच्या डावात ३० सेकंद! तुमची चिडचिड मला पूर्ण समजते, मीही ब्लिट्झ, म्हणजे असे झटपट डाव, खेळतो. पण ते सेकंद आमच्या प्रोग्रामच्या खिशात गेलेले नाहीत.

"माझं नेट सुसाट आहे, व्हिडिओ कधी अडकत नाही," असंही तुम्ही लिहिलंत. असेलही. पण व्हिडिओ पुढचा साठा आधीच भरून ठेवतो, त्यामुळे मधला खोळंबा दिसत नाही. बुद्धिबळाची खेळी म्हणजे चार अक्षरं, तिला वेग लागतच नाही, तिला उशीर चालत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेग भरपूर असूनही असे झटके बसतात, आणि तुमचा डाव हॉटस्पॉटवरच झाला होता हे तुम्हीच मेलमध्ये लिहिलंय.

हे लिहिताना जड जातंय, पण लिहावं लागेल: इन्स्टॉल करताना टाइमसीलच्या चौकटीत खूण आम्ही आधीच करून ठेवलेली असते. तुमच्या अँटिव्हायरसने अनोळखी प्रोग्राम म्हणून इशारा दिला आणि तुम्ही ती खूण काढलीत. इशाऱ्याला घाबरणं गैर नाही, अशा मदतनीस प्रोग्रामांवर अँटिव्हायरस बिचकतात. पण खूण काढल्यावर "यामुळे नेटचा उशीर तुमच्या वेळेत मोजला जाईल" अशी खिडकी येते आणि तिथे ‘ठीक आहे’ दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ते दाबल्याची नोंद लॉगमध्ये आहे. मग चोर आम्ही कसे?

"सर्व्हर फुकट, मग हे पैसे कशाचे उकळतात?" याचंही उत्तर देतो. सर्व्हर स्वयंसेवक चालवतात, त्यांच्या कामाचे पैसे आम्ही घेत नाही. एक्सबोर्डसारखे फुकट क्लायंट आहेत, चांगले आहेत, आणि कुणी विचारलं तर आम्हीच त्यांचं नाव सांगतो. आमच्याकडे लोक येतात ते नीट दिसणाऱ्या सोंगट्यांसाठी, कमांड पाठ न करता डाव शोधता यावा म्हणून, आणि अडलं तर माणूस उत्तर देतो म्हणून. यावेळी ते उशिरा दिलं, हे मान्य.

ती इशाऱ्याची खिडकी अजून ठळक करायचा विचार आहे, जमलं तर पुढच्याच आवृत्तीत. सपोर्टचंही काहीतरी बघतो.

तोवर एवढं करून बघा. आधी डाउनलोड आमच्याच साइटवरचं आहे ना ते तपासा आणि अँटिव्हायरसमध्ये त्या एका फाइलला परवानगी द्या. मग सेटिंगमध्ये ‘कनेक्शन’खाली टाइमसील चालू करून सर्व्हरवरून बाहेर पडा आणि पुन्हा लॉगिन करा, चालू कनेक्शनवर ते लागू होत नाही. शेवटी कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘फिंगर’ (finger) ही कमांड द्या, तुमच्या माहितीत टाइमसील चालू की बंद ते दिसेल. चालू दिसलं की ३ मिनिटांचे डाव खेळा आणि तरीही वेळ जाते असं वाटलं तर लॉग पाठवा, मीच बघेन. आणि मन उडालंच असेल, तर खरेदीच्या मेलला ‘परतावा’ एवढं लिहून उत्तर द्या, कारण विचारणार नाही.

आपला,
क्लायंटचा निर्माता