वरात संपल्यावर घोडीचं काय

आमच्या माडीवरनं शेजारच्या मामांचा गोठा सरळ दिसतो. कपडे वाळत घालायला गेलं की नजर जातेच. यंदा जून लागल्यापासून मी त्या बाजूला पाठ करून कपडे वाळत घालत होते, हे आधीच कबूल करते.

मामा गावच्या नात्यानं मामा. त्यांच्या वडिलांचा बेळगावात टांगा होता. टांगे गेले, तसं मामांनी वरातीच्या घोड्या ठेवल्या. आता दोनच जनावरं उरलीत, पांढरी चांदणी आणि तांबडा बादल. 2006 साली आमचे हे ज्या घोडीवर बसून मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आले, ती हीच चांदणी. त्या गोठ्यातली दशा बघून पोलिसात तक्रार करावी असं मनात येत होतं, ती कुणाविरुद्ध, हे आता लक्षात आलं असेल.

चांदणीच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या. पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठ्याची हाडं टोकदार. बादल घोटाभर चिखलात उभा, पुढचे खूर जुन्या चपलेसारखे पुढं वाढून वाकलेले. ड्रममध्ये हिरवं पडलेलं पावसाचं पाणी, आणि दावं एवढं आखूड की ड्रमपर्यंत तोंड पोचत नाही. घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. इथं समोर पाणी दिसतंय आणि पिता येत नाही. मला सगळ्यात जास्त राग त्या दाव्याचा आला.

घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या घोडीवरनं तुझी वरात आली, आणि तूच पोलिसात जाणार होय?" हे म्हणाले, "काय बघायलीस तिकडं सारखं? आपल्याला काय करायचंय?" गावातल्या एका पोरानं सांगितलं, काकू, व्हिडिओ द्या, व्हायरल करतो. त्याला मी हाकललं. फोटो काढले होते, तारखेसकट, पण ते माझ्याकडं. ज्याला साठीत गुडघे धरलेत, ज्याचा पोरगा गोव्यात कामाला आहे, त्या माणसाला चार हजार लोकांकडून शिव्या घालून घोडीच्या पोटात काय जाणार होतं?

मग वकील असलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, कलम 11. मालकानं पुरेसा चारा, पाणी, निवारा दिला नाही तर तोही गुन्हाच, मारहाणच व्हायला पाहिजे असं नाही. बरं वाटलं. मग शिक्षा विचारली. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मी परत विचारलं, पन्नास हजार? नाही, पन्नास रुपये. म्हणजे किलोभर हरभराही येत नाही तेवढ्यात! शिवाय गुन्हा अदखलपात्र, न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मुद्दाम ठार मारलं किंवा लुळं केलं तर नव्या न्यायसंहितेचं कलम 325 आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, पण ते वेगळं प्रकरण. मी फोन ठेवणार तेवढ्यात तिनं कामाचं सांगितलं. दंडाकडं बघू नकोस, कोर्ट जनावराला उपचारासाठी पाठवू शकतं आणि खर्च मालकाकडून घेऊ शकतं. म्हणजे तक्रार फुकट जात नाही.

तरी आठ दिवस मी गेले नाही. यात एक गोष्ट अशी आहे की ती सीमाभागाबाहेर कुणाला कळायची नाही. ठाण्यातला कागद कानडी, जबाब कानडी. 1956 पासून आपण या कागदांशी भांडतोय, आणि आपल्याच माणसाला मी त्या बाकावर नेऊन बसवायचं? हे बोलून दाखवलं नाही कुणी, पण घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं, माझ्याही. आता वाटतं, भित्रेपणाला चांगलं लुगडं नेसवलं होतं आम्ही.

त्याच दिवसांत मोबाईलवर माउलींच्या पालखीचं रिंगण बघत होते. आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीला चालत जातात. रिंगणात घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. सासूबाईंनी स्क्रीनला हात जोडले. मी उठले, बादली भरली आणि मामांच्या दारात गेले.

मामी रडल्याच. मामा काही बोलले नाहीत, बादली हातातून घेतली. मग हळूहळू बोलले. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंतच काय ती कमाई, पुढचे चार महिने घोडी नुसती खाणार. त्यात आता नवरदेव उघड्या जीपमधून येतात. "चारा घालतोय की गं, खोटं नाही सांगत. ती खात नाही, टाकती." खरंच, गव्हाणीजवळ अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले होते. माडीवरनं मला तो कुजका चारा वाटला होता.

1962 या नंबरवर फोन लावला, त्यावर जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते. डॉक्टर कानडी. माझी कानडी बाजारापुरती, म्हणून मी मधे पडायला उभी राहिले, तर मामा अस्खलित कानडीत सुरू! निम्म्या वराती त्यांच्या कानडी घरांतल्याच असतात म्हणे. ज्या बाकाची मला त्यांच्यासाठी भीती होती, ती माझीच होती.

डॉक्टरांनी चांदणीचं तोंड उघडून बॅटरीनं दाखवलं. दाढांच्या कडा झिजून धारदार झालेल्या, आतून गाल कापलेला. वय चोविसाच्या पुढं. चावताच येत नाही, मग गोळा करून टाकते. दाढांना कानस मारली, भिजवलेला कोंडा आणि भरडा थोडाथोडा, दिवसातून चार वेळा द्यायला सांगितला. एकदम पोटभर घालू नका, उपाशी जनावराला ते बाधतं, हेही बजावलं. म्हणजे चांदणीच्या बाबतीत मी चुकले होते. बादलच्या बाबतीत नाही. त्याच्या खुरातून काळं, घाण वासाचं पाणी येत होतं. खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापायला लागतात, नालबंद मेपासून आलाच नव्हता. डॉक्टर मामांना जे बोलले ते मी इथं लिहीत नाही, पण ते बोलायलाच पाहिजे होतं. गरिबीमुळं दावं आखूड होत नाही.

मी काही मामांना माफ करून आले नाही. दावं तिथंच सोडून लांब बांधलं आणि स्पष्ट सांगितलं, सोमवारपर्यंत नालबंद आला नाही आणि बादल कोरड्यात उभा दिसला नाही तर अर्ज लिहून ठेवलाय, तो देणार. मामा माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "दे की. सही तेवढी मराठीत कर."

सोमवारी पाऊस होता, नालबंद आला नाही. मी मंगळवारी पिशवीत अर्ज घालून निघाले, तर दारात मामा, म्हणाले उद्या येतोय, फोन झालाय. बुधवारी आला. तीन खूर झाले, चौथा पाय बादल धरू देईना. पुढच्या आठवड्यात परत येणार आहे. अर्ज कपाटात आहे, तारीख तेवढी खोडून नवी घातलीय.